खाण सर्वेक्षकाला पगार किती, आणि तो कशावर ठरतो?

मागील अंकात खाणउद्योगातील वैधानिक, म्हणजे कायद्याने भरणे सक्तीचे केलेल्या, पदांची माहिती दिल्यानंतर सातारा आणि सांगली जिल्ह्यांतून बरीच पत्रे आली. त्यांतील बहुतेकांचा रोख एकाच पदावर होता, तो म्हणजे खाणीची मोजणी करून नकाशे तयार करणारा खाण सर्वेक्षक, ज्याला खाणीवर सगळे सर्वेअर म्हणतात. आपल्याकडे कोळसा नाही, मँगनीज नाही. दगडखाणी आणि खडी क्रशर सोडले तर खाण आतून पाहिलेली माणसे थोडी. त्यामुळे या पदाच्या पगाराची बातमी पाहुण्यारावळ्यांच्या तोंडूनच येते आणि इथे पोहोचेपर्यंत आकडा एकतर फुगलेला असतो किंवा आटलेला. निवडक पत्रांना येथे उत्तरे देत आहोत. पत्रलेखकांच्या विनंतीवरून त्यांची नावे छापलेली नाहीत.

प्रश्न : माझा मुलगा स्थापत्य अभियांत्रिकीच्या पदविकेच्या शेवटच्या वर्षात आहे. चंद्रपूरकडे कोळसा खाणीत सर्वेअरला लाखभर रुपये पगार मिळतो, असे आमचे एक पाहुणे सांगतात. हे खरे आहे काय? (एक पालक, कराड)

आपल्या पाहुण्यांनी सांगितलेला आकडा खोटा नाही, परंतु तो पहिल्या महिन्याचा नाही आणि प्रत्येक सर्वेअरचाही नाही. चंद्रपूर, यवतमाळ आणि नागपूर जिल्ह्यांतील बहुतेक सरकारी कोळसा खाणी वेस्टर्न कोलफिल्ड्स या कोल इंडियाच्या उपकंपनीच्या आहेत. तेथील कर्मचाऱ्यांचे वेतन खाणीच्या व्यवस्थापकाच्या मर्जीवर नसते. ते राष्ट्रीय कोळसा वेतन करारानुसार ठरते. या कंपनीने 2021 साली सर्वेक्षकांची जागा भरताना तांत्रिक व पर्यवेक्षी ‘बी’ श्रेणी दिली होती आणि सुरुवातीचे मूळ वेतन दरमहा 34,391.65 रुपये होते. बिलासपूरच्या साउथ ईस्टर्न कोलफिल्ड्सने 2023 साली उपसर्वेक्षकांची भरती केली ती मात्र एक पायरी खालच्या ‘सी’ श्रेणीत, 31,852.56 रुपये मूळ वेतनावर. दोन्ही नोकऱ्या सर्वेअरच्याच, तरी सुरुवात वेगळी. म्हणून जाहिरातीतील पदनामापेक्षा श्रेणीचे अक्षर आधी वाचावे.

हे आकडे दहाव्या कराराचे आहेत. त्यानंतर अकरावा करार झाला. त्यावर सह्या मे 2023 मध्ये झाल्या आणि तो 1 जुलै 2021 पासून मागील प्रभावाने लागू झाला. त्यात 19 टक्के किमान हमी लाभ, म्हणजे प्रत्येकाला किमान एवढी वेतनवाढ, देण्यात आला आणि तोवरचा महागाई भत्ता मूळ वेतनात मिसळण्यात आला, त्यामुळे ‘सी’ श्रेणीची सुरुवात 47,330.25 रुपयांवर गेली. त्याच गुणोत्तराने हिशेब केला तर ‘बी’ श्रेणीची सुरुवात सुमारे 51,100 रुपये येते. मूळ वेतनावर दरवर्षी 3 टक्के वाढ मिळते. बढती न मिळता दहा वर्षे गेली तरी 51,100 चे साधारण 68,700 होतात. त्यावर दर तिमाहीला बदलणारा महागाई भत्ता, कंपनीची खोली न घेतल्यास घरभाडे भत्ता आणि जमिनीखालच्या खाणीत काम असेल तर मूळ वेतनाच्या टक्केवारीने मिळणारा भूमिगत भत्ता, असे सर्व धरले म्हणजे लाखाचा आकडा दिसू लागतो. दसऱ्याच्या सुमारास मिळणारे उत्पादकता बक्षीस वेगळे. कोल इंडियात ते 2023 साली 85,000 रुपये आणि 2024 साली 93,750 रुपये होते.

वजावटही ध्यानात घ्यावी. कोळसा खाणींच्या भविष्य निर्वाह निधीसाठी 12 टक्के आणि त्यांच्याच निवृत्तिवेतन योजनेसाठी 7 टक्के कापले जातात, आणि प्राप्तिकर निराळा. म्हणजे पगारपत्रकातील एकूण रक्कम आणि बँकेत जमा होणारी रक्कम यांत चांगलेच अंतर असते. लग्नाच्या बैठकीत सांगितली जाते ती बहुधा पहिली.

आता आपल्या चिरंजीवांविषयी. स्थापत्य पदविकेत साखळी, लेव्हल, थिओडोलाइट (कोन मोजणारे यंत्र) आणि टोटल स्टेशन (कोन व अंतर एकत्र मोजणारे इलेक्ट्रॉनिक यंत्र) शिकवले जाते, ही चांगली शिदोरी आहे. तथापि तेवढ्यावर या जागेसाठी अर्ज करता येत नाही. धनबादच्या खाण सुरक्षा महासंचालनालयाची परीक्षा उत्तीर्ण होऊन सर्वेक्षकाचे सक्षमता प्रमाणपत्र मिळवावे लागते, आणि त्या परीक्षेला बसण्यासाठी खाणीतील प्रत्यक्ष सर्वेक्षणाचा अनुभव लागतो. कोळसा खाणींची परीक्षा 2017 च्या विनियमांखाली आणि धातू खाणींची 1961 च्या विनियमांखाली स्वतंत्रपणे होते. कोणत्या बाजूला जायचे ते आधी ठरवावे, कारण कोळशाच्या जाहिरातीला कोळशाचेच प्रमाणपत्र मागतात. मुलगा अजून दहावी-बारावीत असता तर विदर्भातील तंत्रनिकेतनांत चालणारी खाणकाम व खाण सर्वेक्षणाची पदविका घ्यावी, असे आम्ही सांगितले असते. पदविका पूर्ण होत आली असेल तर एखाद्या खाणीत प्रशिक्षणार्थी म्हणून शिरणे, अनुभवाची नोंद नीट करून घेणे आणि परीक्षेला बसणे, हा मार्ग त्याला मोकळा आहे. यात दोन-तीन वर्षे कमी पैशांत काढावी लागतात, हे घरातील सर्वांनी आधीच मान्य केलेले बरे.

प्रश्न : प्रमाणपत्राला इतके महत्त्व का? यंत्र मला चांगले चालवता येते. मी खडी क्रशरच्या खाणीवर पाच वर्षे टोटल स्टेशनवर मोजणी करतो आणि मला 18,000 रुपये मिळतात. मालक म्हणतात, “मोजणी करणारी पोरे पैशाला पासरी मिळतात.” (एक वाचक, विटा)

आपल्या मालकांचे बोलणे कडवट असले तरी त्यात या धंद्यातील एक गोष्ट स्पष्ट दिसते. यंत्र लावून बिंदू घेणारा माणूस लवकर तयार होतो, त्यामुळे त्याचा भाव बाजारात पडतो. खाणीच्या नकाशावर ‘हा नकाशा अचूक आहे’ असे लिहून सही करण्याचा अधिकार मात्र प्रमाणपत्रधारकालाच असतो, आणि ती सही चुकली तर जाब त्यालाच द्यावा लागतो. सर्वेक्षकाच्या पगारातील मोठा हिस्सा या सहीचा आहे.

ही जबाबदारी कशी असते, हे कागदावरून कळणार नाही. जमिनीखालच्या कोळसा खाणीत जुने, सोडून दिलेले आणि पाण्याने भरलेले भाग असतात. चालू काम अशा भागापासून 60 मीटरच्या आत न्यायचे असेल तर आधी परवानगी लागते. शेजारच्या खाणीच्या हद्दीपासून 7.5 मीटर जागा सोडावी लागते. परंतु खाली अंधारात काम करणाऱ्या ओव्हरमनला (कामावर देखरेख करणाऱ्याला) आणि कामगाराला पलीकडे पाणी किती दूर आहे ते दिसत नाही. त्याला नकाशा दिसतो. भूमिगत मार्गरेषेत, म्हणजे एका बिंदूवरून पुढच्या बिंदूवर मोजत नेलेल्या रेषेत, कोनाची अवघी एक मिनिटाची चूक राहिली, तर एक किलोमीटर पुढे गेल्यावर बिंदू सुमारे 29 सेंटिमीटर सरकतो. अशा चुका एकात एक मिसळत गेल्या आणि जुना नकाशाही अपुरा असला, म्हणजे कागदावरची भिंत आणि खरी भिंत यांची जाडी वेगळी होते. 27 डिसेंबर 1975 रोजी धनबादजवळच्या चासनाला खाणीत वरच्या जुन्या कामात साठलेले पाणी फुटून आत शिरले आणि 375 माणसे गेली. 2 फेब्रुवारी 2001 रोजी बागडिगी खाणीत शेजारच्या बंद खाणीतील पाणी घुसले आणि 29 कामगार दगावले. अशा दुर्घटनांची चौकशी होते तेव्हा प्रथम नकाशे मागवले जातात. म्हणून कायद्याने हे पद वैधानिक केले, आणि वैधानिक पद रिकामे ठेवता येत नसल्यामुळे त्या माणसाला भाव आला.

आपल्या खाणीत जमिनीखालचे पाणी नाही, हे खरे. पण आपली खाण कायद्याच्या बाहेर आहे असेही समजू नये. खाण कायद्याने बांधकामाच्या दगडाच्या लहान उघड्या खाणींना बऱ्याच कलमांतून सूट दिली, ती खोली कुठेही 6 मीटरपेक्षा जास्त नसेल, एका दिवशी कामावर 50 पेक्षा जास्त माणसे नसतील आणि स्फोटके वापरली जात नसतील, या तिन्ही अटी पाळल्या तरच. खानापूर तालुक्यातील काळ्या पाषाणाच्या खाणीत सुरुंग लावल्याशिवाय भागत नाही, आणि सुरुंग लागला की सूट संपते. तेव्हा आपली खाण रीतसर नोंदलेली आहे का आणि तिच्यावर प्रमाणपत्रधारक व्यवस्थापक किंवा फोरमन आहे का, हे आधी पाहा. तसे असेल तर त्यांच्याकडून आपल्या कामाच्या तारखा आणि स्वरूप लिहिलेले अनुभवपत्र घ्या, आणि ते नोकरी सोडताना नव्हे, आताच मागा. धातू खाणींच्या विनियमांखाली केवळ उघड्या खाणींपुरते मर्यादित असलेले सर्वेक्षकाचे प्रमाणपत्रही असते. आपल्यासारख्या अनुभवी माणसासाठी ती पहिली पायरी ठरू शकते. नोंद नसलेल्या खाणीवर आणखी पाच वर्षे काढलीत, तर ती वर्षे परीक्षेच्या अर्जात मोजली जाणार नाहीत, याचे आम्हाला मनापासून वाईट वाटेल.

आपल्या मोजणीची किंमत मालकांना कळावी म्हणून एक हिशेब त्यांच्यापुढे ठेवा. एक हेक्टरच्या तळावर उंचीत सरासरी 10 सेंटिमीटरची चूक झाली तर घनफळात 1,000 घनमीटरचा फरक पडतो. एक ब्रास म्हणजे 100 घनफूट, सुमारे 2.83 घनमीटर, म्हणजे ही चूक साधारण 353 ब्रासची झाली. परवान्यापेक्षा इतके उत्खनन जास्त निघाले, तर महसूल अधिनियमाच्या कलम 48 खाली बाजारभावाच्या पाचपटीपर्यंत दंड होऊ शकतो. तहसील कार्यालयाकडून इलेक्ट्रॉनिक टोटल स्टेशनने मोजणी होते तेव्हा मालकांच्या बाजूने उभे राहायला आपलीच मोजणी असते.

प्रश्न : मुलींना हे काम मिळते का? की पगाराचा विचारच करू नये? (बारावीची विद्यार्थिनी, वाई)

अवश्य करावा. पूर्वी स्त्रियांना जमिनीखालच्या खाणीत कामाला बंदी होती. जानेवारी 2019 च्या केंद्र सरकारच्या अधिसूचनेने तांत्रिक, पर्यवेक्षी आणि व्यवस्थापकीय पदांवरील स्त्रियांना सकाळी 6 ते सायंकाळी 7 या वेळेत भूमिगत खाणीत, आणि लेखी संमती असल्यास उघड्या खाणीत रात्रीही काम करण्याची मुभा दिली. सर्वेक्षकाचे पद या वर्गात बसते. वेतन करारातील श्रेणी पुरुष-स्त्री असा भेद करीत नाही. अर्ज करताना एवढेच विचारा की खाणीवर महिलांसाठी कपडे बदलण्याची आणि राहण्याची सोय आहे का. जेथे ती नाही, तेथे चांगल्या पगाराची नोकरीही फार दिवस टिकवता येत नाही.

प्रश्न : माझ्याकडे धातू खाणीचे प्रमाणपत्र आणि सहा वर्षांचा अनुभव आहे. एका ठेकेदार कंपनीकडून ओडिशातील लोहखनिज खाणीसाठी आणि एका सिमेंट कारखान्याच्या चुनखडी खाणीसाठी, अशा दोन ठिकाणांहून बोलावणे आले आहे. ठेकेदाराचा आकडा बराच मोठा आहे. कोणती नोकरी घ्यावी? (एक वाचक, मिरज)

दोन आकडे शेजारी ठेवण्याआधी दोन्ही नियुक्तिपत्रे शेजारी ठेवा. ठेकेदार कंपन्यांच्या वार्षिक पॅकेजमध्ये मूळ वेतन लहान आणि ‘विशेष भत्ता’ मोठा असतो. भविष्य निर्वाह निधी आणि उपदान (ग्रॅच्युइटी) मुख्यतः मूळ वेतन व महागाई भत्त्यावर मोजले जाते, त्यामुळे आज हातात जास्त आले तरी नोकरी सोडताना हाती कमी पडते. पॅकेजमध्ये मालकाचा निधीतील वाटा, विमा आणि उपदान धरले आहे काय, ते विचारा. जेवण आणि खोली कंपनीची असेल तर तिची रक्कम पगारात मोजून दाखवली आहे का, तेही पाहा. रजेचा क्रम, म्हणजे किती दिवस काम आणि किती दिवस घर, लेखी घ्या. मिरजेहून ओडिशाच्या खाणपट्ट्यात जाण्या-येण्यातच रजेचे दोन-तीन दिवस जातात आणि तो खर्च कोणाचा, हे बहुतेक वेळा तोंडी राहते.

याहून महत्त्वाची गोष्ट महिनाअखेरीची आहे. उघड्या खाणीत माती आणि निरुपयोगी खडक, म्हणजे ओव्हरबर्डन, काढण्याचे पैसे ठेकेदाराला घनमीटरवर मिळतात. महिना संपताना सर्वेअर प्रिझमची काठी (जिच्यावर टोटल स्टेशन नेम धरते) घेतलेल्या मदतनीसाला खाणीच्या प्रत्येक पायरीच्या वरच्या कडेवरून आणि मग खालच्या पायथ्यावरून चालवतो. काठी सरळ धरली आहे का ते बुडबुड्यावर पाहून एकेक बिंदू टिपतो. मागच्या महिन्याच्या पृष्ठभागावर नवा पृष्ठभाग ठेवून मधले घनफळ काढतो. पायथ्याशी सुटा ढिगारा पडलेला असेल तर त्याखालचा खरा पायथा कुठे, हे त्याला ठरवावे लागते. त्या एका निर्णयावर बिलाची रक्कम लाखांनी हलते. खाणमालकाचा सर्वेअर आणि ठेकेदाराचा सर्वेअर समोरासमोर बसून आकडा जुळवतात, आणि तेव्हा ठेकेदाराच्या नोकरीत असलेल्या माणसावर दबाव येतो. दबाव आणणाऱ्याच्या हातात आपला पगार असतो, आणि प्रमाणपत्र मात्र आपल्या नावावर असते. चुकीच्या नकाशावर सही केल्याचे सिद्ध झाले तर प्रमाणपत्र निलंबित किंवा रद्द होऊ शकते. मग दोन्ही नोकऱ्या गेल्या. म्हणून मुलाखतीत नि:संकोच विचारा : मोजणीचा वाद झाला तर अंतिम शब्द कोणाचा, आणि मोजणीची मूळ नोंद कोणाकडे राहते?

आपण सर्व माहिती दिलेली नाही. पण घरी लहान मुले असतील आणि चुनखडीच्या खाणीजवळ कंपनीची वसाहत व शाळा असेल, तर थोडा कमी आकडा असला तरी सिमेंट कारखान्याची नोकरी घ्यावी, असे आमचे मत आहे. आपण एकटे असाल आणि मोठ्या खाणीचा अनुभव हवा असेल, तर दोन-तीन वर्षांसाठी ओडिशाला जाण्यात वावगे नाही. मोठ्या यांत्रिक खाणीत केलेले काम पुढच्या प्रत्येक मुलाखतीत भाव वाढवते, हा अनुभव या क्षेत्रातील बहुतेकांचा आहे. परदेशाचा विचार मनात असेल तर एवढे ध्यानात ठेवा की ऑस्ट्रेलिया आणि दक्षिण आफ्रिकेत खाण सर्वेक्षकांसाठी त्यांची स्वतःची नोंदणी वा प्रमाणपत्रे आहेत. भारतीय प्रमाणपत्र तेथे अनुभवाचा पुरावा म्हणून उपयोगी पडते, सही करण्याचा अधिकार म्हणून नव्हे.

प्रश्न : ड्रोनचा अभ्यासक्रम केला तर पगार वाढेल का? फी बरीच आहे. (एक वाचक, तासगाव)

प्रमाणपत्र असेल तर वाढेल. नुसत्या ड्रोनने फारसा वाढणार नाही. नोव्हेंबर 2021 मध्ये खनिज संवर्धन व विकास नियमांत दुरुस्ती झाली आणि खाणींचे नकाशे डीजीपीएस (उपग्रहांच्या साहाय्याने अचूक स्थान मोजण्याची पद्धत), टोटल स्टेशन किंवा ड्रोनने करणे आवश्यक झाले. वर्षाला 10 लाख टन किंवा अधिक उत्खनन असलेल्या, अथवा 50 हेक्टर वा अधिक पट्टा असलेल्या खाणमालकाला दरवर्षी पट्ट्याची आणि त्याच्या हद्दीबाहेर 100 मीटरपर्यंतची ड्रोन छायाचित्रे नागपूरच्या भारतीय खाण ब्युरोकडे सादर करावी लागतात. त्यामुळे कामाची मागणी खरी आहे. परंतु उड्डाण करणारा बाहेरच्या संस्थेतून एका दिवसासाठीही बोलावता येतो. जमिनीवर नियंत्रण बिंदू, म्हणजे अचूक स्थान माहीत असलेल्या खुणा, कुठे ठेवायचे, ते डीजीपीएसने कसे बांधायचे, आणि छायाचित्रांवरून तयार झालेल्या असंख्य बिंदूंच्या ढगातून झाडे, यंत्रे, ढिगारे वगळून खरी जमीन कशी वेगळी काढायची, हे ज्याला येते त्याला पगार वाढवून मागता येतो. फी भरायचीच असेल तर उड्डाणाच्या परवान्याआधी सरपॅक किंवा डेटामाइन यांसारख्या खाण-नियोजनाच्या सॉफ्टवेअरवर हात बसवा. तसे केल्यास पैसे लवकर वसूल होतील.

प्रश्न : आई-वडील वयस्कर आहेत. जिल्हा न सोडता हे शिक्षण उपयोगी पडेल असे काम आहे का, आणि त्यात पैसे किती? (एक वाचक, सातारा)

आपली अडचण खरी आहे आणि तिला कमी लेखण्याचे कारण नाही. भूमिगत मोजणीचे कौशल्य आपल्याच कोयना परिसरात कसाला लागलेले आहे : कोयनेच्या चौथ्या टप्प्याचे वीजगृह डोंगराच्या पोटात आहे, आणि 13 मार्च 1999 रोजी जलाशयाच्या तळाला खालून भोक पाडण्याचे ‘लेक टॅपिंग’ झाले तेव्हा बोगद्याचे तोंड नेमके कुठे निघणार, हे मोजणीवरच अवलंबून होते. खंबाटकी घाटातील जुळ्या बोगद्यासारख्या कामांवरही सर्वेअर लागतात. बोगद्यात खाणीचे प्रमाणपत्र सक्तीचे नसते, त्यामुळे येथे पगार ठेकेदाराशी बोलून ठरतो आणि काम संपले की नोकरीही संपते; ज्याने दोन्ही तोंडांकडून खणत येणारा बोगदा मध्यावर जुळवून दाखवला आहे, त्याला मात्र पुढचा ठेकेदार शोधत येतो.

कायम नोकरी हवी असेल तर भूमी अभिलेख विभागातील भूकरमापकाचे पद पाहावे. त्याची वेतनश्रेणी 19,900 ते 63,200 रुपये आहे आणि त्यावर राज्य शासनाचा महागाई भत्ता व घरभाडे भत्ता मिळतो. कोळसा खाणीच्या सुरुवातीच्या मूळ वेतनाच्या निम्म्यापेक्षाही ही सुरुवात कमी आहे, पण भूमिगत काम नाही, पाळी नाही आणि सायंकाळी घरी पोहोचता येते. 2021 च्या भरतीत या पदासाठी स्थापत्य पदविका किंवा दहावीनंतर आयटीआयचा दोन वर्षांचा सर्वेअर ट्रेड मागितला होता. आपल्याकडे यांपैकी जे असेल त्याच्या मूळ गुणपत्रिका आणि टंकलेखनाचे प्रमाणपत्र आताच एकत्र करून ठेवा, कारण जाहिरात निघाल्यावर अर्जाची मुदत फार थोडी असते.